दोन तासांमधली जागा

महाविद्यालयाची निवड करताना आपण निकालाची टक्केवारी पाहतो, शुल्काचा आकडा पाहतो, वसतिगृहात जागा मिळेल की नाही याची चौकशी करतो. परंतु मुलामुलींच्या आयुष्यातील अत्यंत संस्कारक्षम अशी तीन ते पाच वर्षे ज्या आवारात जावयाची असतात, ते आवार कसे आहे याचा विचार सहसा कोणी गंभीरपणे करीत नाही. सुंदर आवार म्हणजे श्रीमंत संस्थेची चैन, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आणि त्या समजापोटी संस्थाचालकही इमारतीचा दर्शनी भाग, प्रवेशद्वाराची कमान आणि माहितीपत्रकावर छापण्याजोगे एखादे कारंजे एवढ्यावरच सौंदर्याची तरतूद आटोपती घेतात. वस्तुतः आवाराचे सौंदर्य हा शिक्षणाच्या कारभारातला एक मूलभूत प्रश्न आहे. वर्गात जे शिकवले जाते त्याची नोंद अभ्यासक्रमात असते. पण एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत, ग्रंथालयातून बाहेर पडल्यावर, पावसाने अडवून धरल्यावर, वसतिगृहाच्या पायरीवर रात्री बसल्यावर विद्यार्थी परस्परांकडून जे शिकतात, त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते, आणि तरीही माणूस घडण्याच्या दृष्टीने त्याचे मोल पहिल्याहून तसूभरही कमी नसते. ह्या दुसऱ्या शिक्षणाला जे आवार जागा देते, सावली देते आणि निवांतपणा देते, तेच आवार सुंदर, असे माझे निश्चित मत आहे.

शिक्षणासाठी माणसे एकत्र राहू लागली तेव्हापासून ही जाण त्यांना होती, असे जुने अवशेष पाहताना दिसून येते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात गुप्त राजांच्या आश्रयाने उदयास आलेल्या, आणि सातव्या शतकात ह्युएन त्संगाने ज्याच्या विद्यावैभवाचे वर्णन लिहून ठेवले, त्या नालंदा महाविहाराचे जे विटांचे चौथरे आणि भिंती उत्खननातून वर आल्या आहेत, त्यांत बहुतेक विहारांची मांडणी एकसारखीच आढळते: मधे आकाशाला खुला चौक, चौकाभोवती ओसरी, आणि ओसरीला लागून ओळीने भिक्षूंच्या कोठड्या. कोठडी एकांतासाठी, चौक संवादासाठी, आणि ओसरी ह्या दोहोंमधल्या येण्याजाण्यासाठी. आपल्याकडच्या अजिंठ्याच्या विहारांत, डोंगर पोखरून ते काढलेले असल्यामुळे आकाशाची सोय नसली, तरी मधे विस्तीर्ण दालन आणि तीन बाजूंना कोठड्या हीच योजना आहे. सहस्रावधी मैलांवर ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात तेराव्या आणि चौदाव्या शतकांत बांधलेला ‘मॉब क्वाड’ हा चौक आजही वापरात आहे, आणि त्याचीही रचना मूलतः हीच. अमेरिकेत टॉमस जेफर्सनने १८१९ साली स्थापन झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाची आखणी केली, तेव्हा एका लांबरुंद हिरवळीच्या दोन्ही अंगांना प्राध्यापकांच्या राहण्याच्या व शिकवण्याच्या दहा वास्तू, त्यांना जोडणाऱ्या स्तंभपंक्तींमागे विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि हिरवळीच्या शिरोभागी प्रार्थनामंदिराऐवजी ग्रंथालयाची घुमटाकार इमारत अशी त्याची कल्पना होती. त्या आवाराची उभारणी गुलामांच्या श्रमांतून झाली, हे त्याच्या सौंदर्याची वाखाणणी करताना विसरता येत नाही. परंतु गुरूचे घर, शिष्याची खोली आणि ग्रंथांचे दालन ही तिन्ही एकाच अंगणाभोवती असावीत, हा त्या आखणीतला विचार आजही मार्गदर्शक आहे. धर्म वेगळे, देश वेगळे, शतके वेगळी. पण विद्येच्या ठिकाणी खोल्यांइतकेच महत्त्व खोल्यांच्या मधल्या जागेला द्यावे लागते, ह्याबद्दल सर्वांचे एकमत दिसते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ह्या मताची साक्ष पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इतिहासात सापडते. पेशव्यांच्या दक्षिणा-निधीतून माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा सुरू केली, तिचेच पुढे पूना कॉलेज आणि त्यानंतर डेक्कन कॉलेज झाले. आणि १८६८ साली ते शहराबाहेर येरवड्याच्या बाजूला नव्या दगडी इमारतीत गेले. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीचे साहाय्य लाभलेल्या ह्या इमारतीचा आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स ह्या लष्करी अभियंत्याचा. पुण्यातील ससून रुग्णालयाची जुनी इमारत आणि लाल देऊळ म्हणून प्रसिद्ध असलेले ज्यूंचे प्रार्थनास्थळही त्याच्याच हातचे. टोकदार कमानींचे लांब व्हरांडे, पाठीमागे मोकळे माळरान, जवळच नदी, आणि शहराच्या गजबजाटापासून पुरेसे अंतर, असे त्या काळच्या आवाराचे स्वरूप होते.

ह्याच आवारात १८७९ च्या सुमारास एकजण कायद्याचा आणि दुसरा एम. ए. चा अभ्यास करीत असताना बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांचा स्नेह जुळला. सरकारी नोकरी न पत्करता देशबांधवांच्या शिक्षणाला आयुष्य वाहावयाचे, हा निश्चय त्यांनी कोणत्याही व्याख्यानाच्या तासाला केला नाही. तो झाला तो त्या दोघांच्या प्रदीर्घ वादविवादांतून आणि संभाषणांतून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहकार्याने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. पण एका महाविद्यालयाच्या आवारात दोन विद्यार्थ्यांना मनसोक्त बोलता आले म्हणून दुसरे महाविद्यालय जन्मास आले, ह्या दृष्टीने आपण तिच्याकडे फारसे पाहत नाही. डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडले आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तेथेच पुढे ह. धी. सांकलियांनी पुरातत्त्वाची आणि इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्राची थोर परंपरा निर्माण केली. टिळकांची खोली तेथे आजही जतन करून ठेवलेली आहे. स्मारक म्हणून ती खोली योग्यच; परंतु त्या खोलीबाहेरचा व्हरांडा आणि त्यापुढची मोकळी जमीन हीही तितकीच स्मरणीय आहेत.

व्हरांड्याचा उल्लेख आला आहे, तर त्याच्या उपयुक्ततेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण सौंदर्य आणि सोय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा गैरसमज दूर करण्यास त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. आपल्या पठारावरच्या जुन्या शैक्षणिक इमारती बहुधा काळ्या पाषाणाच्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून बनलेला हा दगड जागच्या जागी मिळतो, तो कठीण आणि टिकाऊ असतो, आणि त्याची जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेत असल्यामुळे आतली खोली दुपारी बराच वेळ थंड राहते. उंच छतामुळे तापलेली हवा वर चढते आणि छताजवळच्या झडपांतून बाहेर पडते. पण केवळ भिंतीने भागत नाही. उन्हाळ्यातले पश्चिमेचे तिरपे ऊन आणि पावसाळ्यातली नैर्ऋत्येची झड ही दोन्ही वर्गाच्या खिडकीपर्यंत पोचू नयेत यासाठी भिंतीच्या पुढे सात-आठ हात रुंदीचा छायेचा पट्टा ठेवावा लागतो, आणि तोच व्हरांडा. सूर्य आणि पाऊस यांना अडवण्यासाठी निर्माण झालेल्या ह्या पट्ट्यात पुढचा तास सुरू होण्याची वाट पाहत विद्यार्थी उभे राहतात, प्राध्यापकांना शंका विचारतात, सूचनाफलक वाचतात, भांडतात आणि समेट करतात. हवामानाशी इमानाने वागणाऱ्या बांधकामातून माणसांना भेटण्याची जागा आपोआप निर्माण झाली, ह्यातच त्या रचनेची खरी शोभा आहे. याउलट काचेच्या बंदिस्त भिंतींची जी नवी शैक्षणिक संकुले आपण उभारीत आहोत, त्यांत वर्गाचे दार उघडले की अंधारा, अरुंद बोळ लागतो. तेथे उभे राहावेसे कोणालाच वाटत नाही, आणि वातानुकूलनाचे वीजदेयक मात्र दरमहा भरावे लागते.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवाराने हाच प्रश्न दाट वस्तीच्या नगरात सोडवला आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाचे पदवीदान सभागृह १८७४ मध्ये आणि ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. दोन्हींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने इंग्लंडातच बसून तयार केले. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांचे, तर ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला शेअरबाजारातले प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे द्रव्य लाभले, आणि प्रेमचंदांनी मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. आराखडा परदेशी असला तरी तो ह्या भूमीत रुजवला तो येथल्या अभियंत्यांनी व कारागिरांनी. सुमारे २८० फूट उंचीच्या त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती कोरून बसवलेल्या आहेत, हे खालून जाणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या ध्यानातही येत नाही. ह्या आवाराची स्वतःची जमीन फार नाही. परंतु समोर ओव्हल मैदान आहे. त्या मैदानाच्या विस्तीर्ण मोकळेपणामुळेच मनोरा दुरून दिसतो, समुद्राकडचा वारा इमारतीपर्यंत येतो, आणि ग्रंथालयातून बाहेर पडलेल्या डोळ्यांना विसावा मिळतो. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, तो मैदानाच्या पूर्वेच्या ह्या इमारती, पश्चिमेच्या निवासी इमारती आणि मधली मोकळी भूमी ह्या सर्वांना मिळून. शेजारची मोकळी जागा सार्वजनिक राहिली तर तोकड्या जमिनीवरचे महाविद्यालयही सुंदर होऊ शकते, आणि ती बळकावली गेली तर मोठ्यातली मोठी इमारतही गुदमरते, हा बोध नगरपालिकांनी घेण्यासारखा आहे.

पुण्याच्या गणेशखिंडीत आणखी वेगळा प्रकार पाहावयास मिळतो. तेथील मुख्य इमारत विद्येसाठी बांधलेलीच नव्हती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत १८६४ मध्ये तिचे काम सुरू झाले, ते १८७१ मध्ये संपले. जेम्स ट्रब्शॉने इटालियन वळणाचा मनोरा योजून मुंबई इलाख्याच्या लाटसाहेबाचे पावसाळी निवासस्थान म्हणून ती सजवली. ह्याच वास्तूत २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला, आणि तेथून परतणाऱ्या रँड ह्या प्लेग-अधिकाऱ्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्यानंतर बावन्न वर्षांनी, १९४९ साली, डॉ. मुकुंदराव जयकरांच्या कुलगुरुपदाखाली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, आणि सुमारे चारशे एकरांचे हे आवार विद्यार्थ्यांचे झाले. ज्या दरवाज्यातून आत जाण्यास एके काळी परवाना लागत असे, त्यातून आज कोणत्याही खेड्यातला मुलगा किंवा मुलगी आपला अर्ज घेऊन सरळ आत जाते. मूळ उद्देश बाजूला सारून एखादी जागा अधिक व्यापक प्रयोजनाला लागते, तेव्हा तिच्या सौंदर्यात इतिहासाची भर पडते. आणि तेथील जुनी वडाची झाडे त्या दोन्ही कालखंडांना सामावून घेऊन उभी आहेत.

ह्याच आवाराच्या एका भागात, १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राची, म्हणजेच ‘आयुका’ची वास्तू आहे. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर आणि वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया ह्या दोघांच्या विचारविनिमयातून ती साकारली, आणि नव्या काळातही सुंदर आवार निर्माण करता येते, ह्याचे ती उत्तम उदाहरण आहे. स्थानिक काळा दगड, त्यावर अधिक काळी कडप्पा फरशी आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट असे काळ्या रंगाचेच थर चढवून कोरियांनी अवकाशाच्या अथांगपणाचा आभास भिंतींत आणला. परंतु ह्या वास्तूचे हृदय भिंतींत नाही. ते मधल्या कुंडात आहे. देवळापुढच्या पुष्करिणीची आठवण करून देणाऱ्या ह्या उघड्या चौकात पायऱ्या आहेत, हिरवळ आहे, आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे प्रत्यक्ष दाखवणारा फूकोचा लंबकही येथे टांगलेला आहे. खोलीतून ग्रंथालयाकडे किंवा व्याख्यानगृहाकडे जाताना माणूस ह्या चौकाच्या संपर्कात येतोच, आणि आकाशाचा अभ्यास करणाऱ्याला दिवसातून अनेकदा प्रत्यक्ष आकाशाखाली यावे लागते. उष्ण कटिबंधातल्या देशात छप्पर नसलेली जागा हीही एक खोलीच होय, हा कोरियांच्या साऱ्या वास्तुविचाराचा गाभा होता. ज्या महाविद्यालयाला लक्षावधी रुपयांची नवी दालने परवडत नाहीत, त्याने ह्या कल्पनेचा अवश्य विचार करावा. कारण सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर एखाद्या झाडाखालचा पार हे उत्तम व्याख्यानगृह होऊ शकते.

झाडांचा विषय तर स्वतंत्र लेखाचा आहे. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात जी शाळा काढली, आणि जिचे पुढे १९२१ मध्ये विश्वभारती झाले, तेथे झाडाखाली वर्ग भरवण्याची प्रथा आजतागायत आहे, आणि पदवीदानाच्या प्रसंगी स्नातकाला सप्तपर्णीची पाने देण्याची रीत आहे. कारण रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी त्या माळावर प्रथम सप्तपर्णीच्या सावलीत ध्यान केले होते. विद्येचे प्रमाणपत्र म्हणून पान द्यावे, ही कल्पना केवळ काव्यमय नाही. ज्या भूमीवर आपण शिकलो तिचे ऋण मान्य करण्याची ती रीत आहे. आपल्याकडच्या आवारांतही झाडे शैक्षणिक वर्षाबरोबर चालतात. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी होते तेव्हा मादागास्करहून येऊन आपल्या घरचा झालेला गुलमोहर लाल असतो. सहामाही परीक्षेच्या सुमारास सप्तपर्णीचा उग्र सुवास येऊ लागतो आणि बुचाच्या पांढऱ्या फुलांचा सडा सकाळी वाटेवर पडतो. स्नेहसंमेलने आटोपता आटोपता पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. आणि वार्षिक परीक्षेच्या उन्हात बहाव्याचे पिवळे झुंबर डोक्यावर लोंबत असते. परंतु केवळ फुलांसाठी झाडे निवडू नयेत. सावलीसाठी कडुनिंब, करंज, चिंच, आंबा; पाखरांसाठी वड, पिंपळ, उंबर; आणि वाटेच्या कडेला बकुळ, अशी निवड केली तर पंचवीस वर्षांनी त्या आवारात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाहेर कोठे जावयाची गरज पडणार नाही. प्रत्येक झाडावर मराठी आणि शास्त्रीय नावाची पाटी असावी, आणि ती पाटी खिळ्याने खोडात ठोकलेली नसावी, हे सांगणे क्षुल्लक वाटेल. पण आवाराविषयीची आस्था अशा क्षुल्लक गोष्टींतूनच ओळखू येते.

येथे कोणी म्हणेल की, ही सारी उदाहरणे सरकारच्या, धनिकांच्या किंवा नामांकित वास्तुशिल्पींच्या आश्रयाने उभी राहिलेली आहेत. तालुक्याच्या गावी, अनुदानाच्या तुटपुंज्या रकमेवर चालणाऱ्या महाविद्यालयाने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या कार्याने देऊन ठेवले आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरवणाऱ्या भाऊरावांनी साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून ‘कमवा आणि शिका’ ही योजना उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात आणली. विद्यार्थ्यांनी शेतात राबावे, बांधकामावर काम करावे, झाडे लावावीत आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे, ही त्या योजनेची धारणा. ज्या भिंतीचा दगड आपण वाहिला, ज्या रोपाला आपण उन्हाळाभर पाणी घातले, त्या भिंतीवर आणि त्या झाडावर विद्यार्थ्याचे प्रेम जडते. तेथे नासधूस होऊ नये यासाठी पहारेकऱ्याची नेमणूक करावी लागत नाही. आवार सुंदर करण्याचा हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत टिकाऊही आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र प्रेमाबरोबरच पैशाचा आणि शिस्तीचाही आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आवार लुई कान ह्या अमेरिकन वास्तुशिल्पीने १९६२ पासून घडवले. उघड्या विटांच्या भिंती, त्यांतली प्रचंड वर्तुळाकार झरोके, वसतिगृहांच्या मधले सावलीचे चौक, आणि वर्गाबाहेर चर्चा व्हावी म्हणून मुद्दाम ठेवलेल्या प्रशस्त मार्गिका यांमुळे जगभरचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ते पाहावयास येतात. पण विटा झिजल्या, छपरे गळू लागली, २००१ च्या भूकंपाचा तडाखाही बसला. आणि डिसेंबर २०२० मध्ये जुन्या अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याची तजवीज संस्थेने जाहीर केली. देशोदेशींच्या वास्तुतज्ज्ञांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी निषेध नोंदवल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला, तरी वसतिगृहांच्या भवितव्याचा प्रश्न पुढेही चर्चेत राहिला. तेथील ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या वास्तुशिल्पी ब्रिंदा सोमय्या यांनी इतक्या निगुतीने केली की, २०१९ साली तिला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. एकाच आवारातल्या ह्या दोन घटना एकच धडा देतात: इमारत बांधण्यासाठी देणगीदार मिळतात, कोनशिला बसते, समारंभ होतो, पण पन्हळीतला पाला दर वर्षी मे महिन्यात काढावा, भिंतीतले पिंपळाचे रोप वेळीच उपटावे, गळणाऱ्या छपराला पावसाळ्याआधी हात लावावा, ह्या कामांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम राखून ठेवली नाही, तर सौंदर्य एका पिढीपुरतेच टिकते.

आजच्या आपल्या महाविद्यालयांवर आलेली संकटे ह्याहून साधी आणि म्हणूनच अधिक घातक आहेत. वाहनांची संख्या वाढली, तशी झाडाखालची जागा वाहनतळाने गिळली. चिखल नको म्हणून अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवले गेले, ते थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत. त्यामुळे मुळांना पाणी आणि हवा मिळेनाशी झाली, आणि चार-पाच वर्षांनी झाड वादळात उन्मळून पडले की दोष वादळाला दिला जातो. अभ्यासक्रम वाढले, त्यांच्यासाठी मोकळ्या चौकांत पत्र्याची दालने उभी राहिली, आणि तात्पुरती म्हणून दिलेली मंजुरी कायमची होऊन बसली. मूल्यांकन समिती यावयाची असली की भिंतींना रंग लागतो आणि कुंड्या मांडल्या जातात. ती गेली की पाणी घालण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. कट्ट्यावर बसण्यास मनाई करणाऱ्या पाट्या तर जागोजाग दिसतात. विद्यार्थ्यांना बसू न देणारे आवार कितीही स्वच्छ आणि हिरवे असले तरी त्याला सुंदर म्हणता येणार नाही. मुलींना निःसंकोच थांबता येईल अशी उजेडाची जागा, सर्वांना पुरतील अशी स्वच्छ प्रसाधनगृहे, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या दारापर्यंत नेणारा उतार, आणि पिण्याच्या पाण्याची टाकी, ह्या गोष्टी सौंदर्याच्या चर्चेबाहेरच्या आहेत असे मानणे म्हणजे सौंदर्याचा अर्थच न समजणे होय. ज्या जागी कोणाला आपण परके आहोत असे वाटते, ती जागा त्या माणसापुरती कुरूपच असते.

उपाय कठीण नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या आवाराचा नकाशा काढून त्यावर इमारतींऐवजी आधी मोकळ्या जागा रंगवाव्यात, आणि त्या कोणत्याही कारणासाठी बांधल्या जाणार नाहीत असा ठराव व्यवस्थापन मंडळाने करावा. वाहनतळ प्रवेशद्वाराजवळ एका कडेला न्यावा आणि पुढचे अंतर सर्वांनी पायी चालावे. प्रत्येक जुन्या झाडाभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवावी, आणि नागरी भागांना लागू असलेल्या १९७५ च्या राज्य वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून एकही फांदी तोडली जाऊ नये, याची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे नावानिशी सोपवावी. नवी इमारत बांधताना तिच्या आराखड्यात व्हरांडा, पायऱ्या आणि एक चौक असल्याखेरीज त्याला मान्यता देऊ नये. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे कंत्राट सर्वांत कमी दराच्या मक्तेदाराला न देता दगडाचे आणि चुन्याचे काम जाणणाऱ्याला द्यावे. आणि वेळापत्रकात दोन तासांच्या मधे दहा मिनिटे खरोखरीच मोकळी ठेवावीत. कारण आवार कितीही सुरेख असले तरी त्यात थांबावयास वेळच नसेल, तर त्याचा उपयोग चित्रापुरताच राहतो.

पालकांना माझी विनंती आहे की, येत्या जूनमध्ये प्रवेश-अर्ज घेण्यासाठी महाविद्यालयात जाल, तेव्हा कचेरीतल्या खिडकीपाशीच परतू नका. अर्धा तास आवारात हिंडा, विद्यार्थी कोठे बसतात आणि काय बोलतात ते पाहा, आणि त्यांना बसण्यासारखी जागाच नसेल तर तसे प्राचार्यांना स्पष्टपणे सांगा. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना आपल्या नावाच्या दालनाचा आग्रह धरू नये. एखाद्या चौकाच्या, पाराच्या किंवा झाडांच्या निगराणीसाठी कायम ठेव ठेवावी. संस्थाचालकांनी पुढच्या अंदाजपत्रकात आवाराच्या जतनाचे स्वतंत्र खाते उघडावे. ज्ञान वर्गातही मिळते आणि आता घरबसल्या पडद्यावरही मिळते. पण समवयस्क माणसांच्या सहवासात विचार पारखून घेण्याची संधी केवळ आवारच देऊ शकते, आणि ती संधी टिकवणे हे शिक्षणसंस्थेचे प्रथम कर्तव्य आहे.